कोअर आयसोलेशन सुरू करताना: घरासाठी आणि लहान कार्यालयासाठी पायरीवार मार्गदर्शन

इंदूरच्या रामबागेत आमचे करसल्लागाराचे लहानसे कार्यालय आहे. तेथील पाच संगणकांवर अशिलांची विवरणपत्रे, ताळेबंद, पॅन क्रमांक आणि बँकखात्यांचे तपशील साठवलेले असतात. जवळच्या मराठी वाचनालयातील दोन संगणकांची देखभालही माझ्याकडेच आहे, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत स्मरणिकेचा मजकूर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा पेन ड्राइव्ह त्या दोन यंत्रांना लागतो. या सातही संगणकांवर विंडोजमधील ‘कोअर आयसोलेशन’ आणि त्यातील ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण, म्हणजे संगणकाच्या गाभ्याचे रक्षण करणारी एक भिंत, सुरू करण्याचे काम मी गेल्या हिवाळ्यात हाती घेतले. दोन दिवसांचे वाटलेले ते काम तीन आठवडे चालले, आणि त्यातील बराचसा वेळ पायऱ्या चुकीच्या क्रमाने घेतल्यामुळे गेला. ज्यांना हे काम प्रथमच करायचे आहे त्यांचा तेवढा वेळ वाचावा, आणि मुख्य म्हणजे त्यांची माहिती गमावली जाऊ नये, यासाठी हा लेख लिहीत आहे.

ही भिंत नेमकी कोठे उभी राहते

आपण वापरतो ते प्रोग्रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, यांना प्रोसेसर वेगवेगळे अधिकार देतो. साध्या प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नाही. कर्नलला मात्र सर्व काही मोकळे असते. अडचण अशी की प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक्स कार्ड यांचे अनेक ड्रायव्हरही, म्हणजे ती उपकरणे चालवणारे प्रोग्रॅमही, कर्नलइतक्याच अधिकाराने चालतात, आणि त्यांतील एक जरी सदोष निघाला तरी त्यातून आत शिरलेला हल्लेखोर थेट कर्नलच्या बरोबरीला येऊन बसतो. हल्लीचे अनेक हल्लेखोर तर सदोष ड्रायव्हर शोधतही बसत नाहीत. खऱ्या कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरी असलेला, पण दोष माहीत झालेला जुना ड्रायव्हर ते स्वतःबरोबरच आणतात. एकदा कर्नलचा अधिकार मिळाला की अँटिव्हायरस बंद करणे त्यांना अवघड राहत नाही, कारण अँटिव्हायरस स्वतः कर्नलच्याच भरवशावर उभा असतो.

म्हणून भिंत कर्नलच्याही खाली घालावी लागते, आणि ती केवळ सॉफ्टवेअरने घालता येत नाही. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरांत व्हर्च्युअलायझेशनची सोय आणली. तिचा मूळ हेतू एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टम चालवणे हा होता. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने हीच सोय संरक्षणासाठी वापरली, आणि २०१८ च्या १८०३ या आवृत्तीपासून ‘मेमरी इंटिग्रिटी’ घरगुती वापरकर्त्यांनाही उपलब्ध झाली. हे संरक्षण सुरू असताना हायपरव्हायझर नावाचा एक लहान थर विंडोजच्या आधी सुरू होतो आणि मेमरीचे दोन भाग पाडतो. आपले नेहमीचे विंडोज, त्याचे कर्नल आणि सर्व ड्रायव्हर एका भागात राहतात. दुसऱ्या, बंदिस्त भागात एक छोटे सुरक्षित कर्नल राहते. कर्नलमध्ये कोणता कोड चालू द्यायचा हे स्वाक्षरी तपासून हा बंदिस्त भाग ठरवतो. मेमरीच्या ज्या पानावर लिहिता येते ते पान कर्नलच्या अधिकाराने चालवता येत नाही, आणि हा नियम ज्या तक्त्यांत नोंदलेला असतो ते तक्ते नेहमीच्या कर्नलच्या हाताला लागतच नाहीत. वाड्याचा कारभारी फितूर झाला तरी तिजोरी उघडू नये म्हणून तिची किल्ली त्याच्याकडे ठेवायचीच नाही, असा हा बंदोबस्त आहे.

सुरुवातीला जवळ काय असावे

प्रत्येक यंत्रासाठी पुढील गोष्टी तयार ठेवाव्यात:

• प्रशासकाचे अधिकार असलेले विंडोज खाते आणि त्याचा पासवर्ड.
• त्या यंत्राची बिटलॉकर रिकव्हरी की (बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, आणि ही त्याची राखीव किल्ली), कागदावर लिहिलेली किंवा छापलेली.
• महत्त्वाच्या फाइलींची बाहेरच्या हार्ड डिस्कवरील ताजी प्रत.
• मदरबोर्डचे किंवा लॅपटॉपचे नेमके मॉडेल. सुटे भाग घेऊन जुळवलेल्या संगणकाच्या बिलावर पुष्कळदा फक्त ‘मदरबोर्ड’ एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे बोर्डावर छापलेले नाव स्वतः पाहून लिहून घ्यावे.
• फोन किंवा दुसरा चालू संगणक, कारण हाताखालचे यंत्र सुरू झाले नाही तर माहिती शोधायला तोच उपयोगी पडतो.
• एक वही. कोणती सेटिंग आधी काय होती आणि आपण ती काय केली, हे त्याच क्षणी लिहावे.

१. सर्वांत आधी रिकव्हरी की हातात घ्या

ही पायरी कोणत्याही परिस्थितीत वगळू नये. अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे हे कुलूप, मालकाला फारसे न कळता सुरू झालेले असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केले की ते लागू होते आणि त्याची की त्या खात्यात जमा होते. डिस्कचे कुलूप उघडणारी गुप्त माहिती टीपीएम या सुरक्षा भागाच्या ताब्यात असते. फर्मवेअरची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरची, स्थिती पूर्वीसारखीच आहे याची खात्री झाल्यावरच टीपीएम ती माहिती सोडतो. आपण पुढे बायोसमध्ये, म्हणजे याच फर्मवेअरमध्ये, ज्या सेटिंग बदलणार आहोत, त्यांमुळे ही स्थिती बदलू शकते. मग संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागतो आणि ती नसेल तर डिस्कवरील एकही फाइल उघडत नाही.

माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर हेच घडले. लॅपटॉप विकत घेताना दुकानातील मुलाने सोयीसाठी स्वतःच एक ईमेल पत्ता तयार करून खाते उघडून दिले होते, आणि तो पत्ता घरात कोणालाच ठाऊक नव्हता. “मामा, माझा पूर्ण प्रोजेक्ट यातच आहे,” असे तो म्हणाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. सुदैवाने खरेदीच्या पावतीच्या मागे तो पत्ता पेन्सिलीने लिहिलेला सापडला. दुकानाकडे चौकशी करून पासवर्डही मिळाला आणि की हाती आली. ती पावती टाकून दिलेली असती तर एका वर्षाचे काम गेले असते.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये जाऊन यंत्र कोणत्या खात्याशी जोडलेले आहे ते पाहा. ते खाते आपले नसेल तर प्रथम त्याचा पत्ता आणि पासवर्ड मिळवा, कारण की त्याच खात्यात जमा झालेली असू शकते. त्यानंतर खात्याच्या संकेतस्थळावर डिव्हाइसच्या यादीतून रिकव्हरी की उघडा. एका खात्यात अनेक यंत्रांच्या की असू शकतात, त्यामुळे कीच्या ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरे जुळवून पाहावीत. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. ते कागदावर उतरवा आणि दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून तपासून घ्या. हा कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते स्थगित करण्याचा पर्याय कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. बायोसमध्ये जाण्यापूर्वी तो वापरावा, आणि काम झाल्यावर संरक्षण पुन्हा सुरू झाले आहे की नाही ते पाहावे.

२. यंत्राची आजची स्थिती वाचा

स्टार्ट मेन्यूमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. पहिल्याच पानावर चार नोंदी पाहायच्या आहेत: बायोस मोड, सिक्युअर बूट स्टेट, कर्नल डीएमए प्रोटेक्शन आणि खाली असलेली व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी. शेवटच्या नोंदीपुढे ‘रनिंग’ असेल तर भिंतीचा पाया आधीच घातलेला आहे. पानाच्या अगदी तळाशी हायपरव्हायझर आढळल्याचे आणि हायपर-व्ही साठी लागणारी वैशिष्ट्ये दाखवली जाणार नसल्याचे वाक्य दिसले तर घाबरू नये. हा हल्ल्याचा इशारा नसून हायपरव्हायझर चालू असल्याची साधी नोंद आहे. वाचनालयात एका सभासदाने हे वाक्य वाचून संगणक बंद करून ठेवला होता, म्हणून मुद्दाम सांगत आहे.

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात प्रोसेसरच्या आलेखाखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ अशी नोंद असते. तिथे ‘डिसेबल्ड’ असेल तर पुढची पायरी घ्यावी लागेल. ही सर्व मूल्ये वहीत उतरवून घ्या.

३. फर्मवेअरमधील सेटिंग

विंडोजच्या रिकव्हरी पर्यायांतून फर्मवेअर सेटिंगमध्ये जाता येते, किंवा यंत्र सुरू होताना डिलीट, एफ२, एफ१० यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबावी लागते. आत गेल्यावर इंटेलच्या यंत्रात ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि ‘व्हीटी-डी’ ही दोन नावे शोधा. एएमडीच्या यंत्रात हीच कामे ‘एसव्हीएम मोड’ आणि ‘आयओएमएमयू’ या नावांखाली असतात. पहिली सेटिंग कर्नलच्या खालचा थर शक्य करते. दुसरी त्याहून कमी परिचयाची आहे, पण तितकीच आवश्यक आहे. थंडरबोल्टसारख्या जोडणीतून लावलेले उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट मेमरी वाचू शकते, आणि ती वाट हे दुसरे सेटिंग अडवते. २०२० मध्ये थंडरस्पाय या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की लॅपटॉप काही मिनिटे हाती आला तरी या वाटेने आत शिरता येते. टीपीएम इंटेलच्या यंत्रात ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावाने सापडेल.

यानंतर सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होताना फक्त विश्वासू स्वाक्षरी असलेलाच कोड चालू देणारी सोय. मेमरी इंटिग्रिटी त्याच्याशिवायही सुरू होते, त्यामुळे बरेच जण ही सेटिंग तशीच सोडून देतात. माझ्या मते ही मोठी चूक आहे. हायपरव्हायझर सुरू होण्याच्याही आधी चालणारा कोड हल्लेखोराच्या हाती गेला तर भिंत उभीच राहत नाही. ईएसईटी या सुरक्षा कंपनीने मार्च २०२३ मध्ये ब्लॅकलोटस या बूटकिटचे, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या घातक प्रोग्रॅमचे, विश्लेषण प्रसिद्ध केले; हे बूटकिट सिक्युअर बूटमधील एका दोषाचा फायदा घेऊन बिटलॉकर, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) आणि मेमरी इंटिग्रिटी ही तिन्ही संरक्षणे बंद करू शकत होते. म्हणून सिक्युअर बूट चालू तर असावेच, शिवाय विंडोज आणि फर्मवेअर अद्ययावतही असावेत. सिक्युअर बूटची २०११ मधील मूळ प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात, आणि नवी प्रमाणपत्रे या अपडेटमधूनच येतात.

येथे दोन सापळे आहेत. बायोस मोडपुढे ‘लेगसी’, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत, लिहिलेले असेल तर सिक्युअर बूट थेट सुरू करता येत नाही. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते, आणि बायोसमध्ये आधीच यूईएफआय ही नवी पद्धत निवडली तर संगणकाला विंडोज सापडत नाही. वाचनालयातील एका यंत्रावर मी हीच चूक केली. तसे झाले तर सेटिंग पूर्ववत करावी; विंडोज पुन्हा सुरू होते. योग्य क्रम असा की आधी फाइलींची प्रत घ्यावी, मग विंडोजमधील ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन प्रथम फक्त तपासणीसाठी आणि ती यशस्वी झाल्यावर रूपांतरासाठी चालवावे, आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय निवडावे. दुसरा सापळा एएमडीच्या काही बोर्डांवर बायोस अपडेटनंतर दिसतो: एफटीपीएम नव्याने सुरू करायचा का, असा प्रश्न विचारून वाय किंवा एन दाबायला सांगितले जाते. रिकव्हरी की जवळ नसेल तर वाय कधीही दाबू नये, कारण टीपीएममधील जुनी गुप्त माहिती त्याने पुसली जाते.

बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात आमच्याकडे दुपारी वीज जातेच, म्हणून हे काम यूपीएस तपासून सकाळी करतो.

४. अडवणारे ड्रायव्हर शोधा आणि निकाली काढा

खरा वेळ येथेच लागतो. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ आणि त्यात ‘कोअर आयसोलेशन’चा तपशील उघडा. ‘मेमरी इंटिग्रिटी’चे बटण चालू करण्याचा प्रयत्न केला की विसंगत ड्रायव्हर असल्यास विंडोज त्यांची यादी दाखवते. यादीतील प्रत्येक नावावर क्लिक करून कंपनीचे नाव, आवृत्ती आणि ‘ओईएम’ या अक्षरांनी सुरू होणारे फाइलीचे नाव वहीत लिहा. नंतर ड्रायव्हर ओळखायला हेच नाव कामी येते.

आमच्या कार्यालयात अशी यादी तीन यंत्रांवर आली. एका जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर होता; तो स्कॅनर चार वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता, ड्रायव्हर मात्र मागे राहिला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘लपलेली उपकरणे दाखवा’ हा पर्याय निवडल्यावर तो सापडला, आणि काढताना ड्रायव्हरचे सॉफ्टवेअरही पुसण्याच्या चौकटीत खूण केल्यावर प्रश्न संपला. दुसरा होता डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचा. टोकन रोजच्या वापरातले असल्याने ड्रायव्हर काढून भागणार नव्हते. टोकन देणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून नवी आवृत्ती उतरवून बसवली आणि एका विवरणपत्रावर प्रत्यक्ष स्वाक्षरी करून पाहिली. विवरणपत्रांच्या अंतिम तारखेच्या आठवड्यात हे काम कधीही हाती घेऊ नये, अशी करसल्लागारीतील सर्व बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरा ड्रायव्हर पंख्यांचा वेग बदलणाऱ्या एका लहान प्रोग्रॅमबरोबर आलेला होता. या प्रकारच्या प्रोग्रॅमकडे नेहमीच शंकेने पाहावे. पंखे, तापमान आणि दिव्यांचे रंग सांभाळणाऱ्या अनेक साधनांनी ‘विनरिंगझिरो’ हा एकच जुना ड्रायव्हर वर्षानुवर्षे वापरला, आणि तो साध्या प्रोग्रॅमलाही हार्डवेअरपर्यंत पोहोचू देतो. असे साधन काढून टाकणेच उत्तम. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करा’ असे सांगणारे प्रोग्रॅमही उतरवू नयेत. ड्रायव्हर फक्त विंडोज अपडेटमधून किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीकडून घ्यावा.

त्याच पानावर सदोष ड्रायव्हरांना रोखणाऱ्या यादीचे वेगळे बटण आहे. विंडोज ११ च्या २०२२ मधील अपडेटपासून ते आपोआप चालू असते. कोणी काही चालत नाही म्हणून ते बंद करून ठेवलेले नाही ना, एवढे पाहावे.

५. संरक्षण सुरू करा आणि खात्री करून घ्या

सुरू करण्यापूर्वी सिस्टम रिस्टोअर पॉइंट तयार करा. मग बटण चालू करून यंत्र पुन्हा सुरू करा. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘रनिंग’ दिसायला हवे, आणि त्याखाली चालू असलेल्या सेवांच्या ओळीत हायपरव्हायझरने सक्तीने राबवलेल्या कोड इंटिग्रिटीचा उल्लेख हवा. केवळ पहिली नोंद पाहून थांबू नये. निळा पडदा येऊन यंत्र सुरूच झाले नाही तर दोन-तीन अपयशी प्रयत्नांनंतर विंडोज दुरुस्तीच्या पडद्यावर जाते, आणि तेथून रिस्टोअर पॉइंटवर परतता येते. त्यानंतर प्रिंटर, स्कॅनर, टोकन, हिशेबाचे सॉफ्टवेअर असे सर्व एकदा चालवून पाहा.

६. वेगाबद्दल

सातव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरांत आणि झेन २ पासूनच्या एएमडी प्रोसेसरांत या तपासणीसाठी स्वतंत्र हार्डवेअरची सोय आहे. त्याआधीच्या प्रोसेसरांवर तेच काम सॉफ्टवेअरने करावे लागते आणि यंत्र जाणवण्याइतके मंदावू शकते. आमच्या सहाव्या पिढीच्या यंत्रावर फरक स्पष्ट दिसला. चार नव्या यंत्रांवर कोणालाच काही जाणवले नाही. ते जुने यंत्र विंडोज ११ साठीही पात्र नाही आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे ते इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या नोंदी पाहण्यासाठी ठेवले आहे. एका संगणकात दुसरी ऑपरेटिंग सिस्टम चालवणारी व्हर्च्युअलबॉक्ससारखी साधने वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र ती मंद झाल्याचे जाणवेल, कारण हायपरव्हायझरची जागा आता विंडोजने घेतलेली असते.

७. ही भिंत काय अडवत नाही

बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या दुव्यावर आपण स्वतःच पासवर्ड लिहिला तर कर्नलचे संरक्षण काहीही करू शकत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला कर्नलपर्यंत जावेच लागते असेही नाही. आपण त्याला आपल्या खात्याने चालवले तर आपल्या फाइली त्याला उघड्याच असतात. म्हणून बाहेरच्या डिस्कवरील प्रत हवीच. शिवाय भिंतीचे दगडही सदोष निघू शकतात. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांनी दाखवले की प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी जे अंदाज बांधतो त्यांतून बंदिस्त मेमरीतील माहितीचे ठसे बाहेर झिरपू शकतात. त्यावरचे अनेक उपाय प्रोसेसरच्या मायक्रोकोडमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटमधून, आले.

वाचनालयासाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती याच हार्डवेअरवर चालणारी ‘विंडोज सँडबॉक्स’ ही सोय. ती २०१९ पासून विंडोजच्या प्रो आवृत्तीत आहे, होममध्ये नाही. ‘विंडोज फीचर्स’च्या यादीतून ती सुरू केली की एका खिडकीत कोरे विंडोज उघडते; संशयास्पद फाइल कॉपी करून तेथे उघडावी, आणि खिडकी बंद केली की आतले सर्व पुसले जाते. सँडबॉक्समध्ये इंटरनेट मुळातच चालू असते, त्यामुळे तेथे कोणताही पासवर्ड लिहू नये.

८. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर

बायोस अपडेटनंतर अनेकदा सर्व सेटिंग मूळ स्थितीला जातात आणि व्हर्च्युअलायझेशन कोणाच्याही लक्षात न येता बंद होते. नवे उपकरण जोडले की त्याच्याबरोबर नवा ड्रायव्हर येतो. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक यंत्राला एक पान दिले आहे: वर मॉडेल आणि बायोसची आवृत्ती, मध्ये दुसऱ्या पायरीतील चार नोंदी, खाली तारीख आणि तपासणाऱ्याची सही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कामाला सुरुवात करण्याआधी, सिस्टम इन्फर्मेशन उघडून ते पान भरले जाते. रिकव्हरी कीचे कागद त्या वहीत नाहीत; ते बंद लिफाफ्यात, दुसऱ्या इमारतीत, अशिलांच्या मूळ दस्तांबरोबर ठेवलेले आहेत.